तीन रिकामे फेरे

२ फेब्रुवारी, सोमवार

पोरी, उशीर झाला. थोडाथोडका नाही, दहा वर्षं. सासरी जाताना ही वही तू माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "बाबा, आई नाही, आता मीही नाही. बोलणार कुणाशी? हिच्याशी बोलत जा." मी ती कपाटात स्वेटरखाली ठेवली, ती आज काढली. कडा पिवळ्या पडल्यात. रागावू नकोस. म्हणजे रागावलेली आहेसच, त्यात ही भर नको.

सातवी शिकलेला माणूस लिहून लिहून काय लिहिणार? पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मी एकच गोष्ट लिहिली. व्हॉल्व्ह उघडला, वेळ. व्हॉल्व्ह बंद केला, वेळ. खाली सही.

आज तुमच्या शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. आता निवृत्त झाल्या आहेत, पण पायरीवर चप्पल काढल्याचा आवाज ऐकला आणि मी बनियनवर होतो तो धावत जाऊन शर्ट घालून आलो. म्हणाल्या, "दर गुरुवारी पाच वाजता शाळेत सहा माणसं वरची आणि सहा माणसं खालची बसवते आहे. तुम्ही या."

"मी कशाला बाई? मी ना ह्यांचा ना त्यांचा."

"म्हणूनच."

"मला बोलता येत नाही."

"ऐकता तर येतं ना?"

पाणी दिलं. पेला उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "पाणी तुमच्याइतकं कुणाला कळतं इथे?" भोळी बाई आहे. मी हो म्हटलं आणि त्या गेल्यावर ही वही शोधून काढली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. पहिलीच्या वर्गात बसवलं. बाकं इतकी बुटकी, की सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. आपला वरचा किराणा दुकानदार बाकात अडकला. त्याला उठवायला खालची शिवणवाली मावशी पुढे झाली आणि मध्येच तिला आठवलं, की हा वरचा. हात मागे घेतला. तो तसाच अडकून बसला.

तुला सांगायला नको, पण लिहायचं तर सगळं लिहावं. एकच टाकी, एकच उतार. वर आमची वस्ती, खाली तुमची, मध्ये शाळा आणि दवाखाना. खालचे म्हणायचे, आम्हाला पाणी कमी येतं. वरचे म्हणायचे, खोटं बोलतात, मोटारी लावून ओढतात. एवढ्यावरून निवडणुकीत दोन पक्ष झाले, दवाखान्यात दोन रांगा झाल्या, सोयरिकी बंद झाल्या. तुझी शेवटची. आता पाण्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही. नुसतं "ते लोक" म्हणतात.

बाईंनी एक नियम घातला. आपलं गाऱ्हाणं सांगायच्या आधी, समोरच्याने आत्ता काय सांगितलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. तेही "मी" म्हणून, जणू आपलंच आहे असं. आणि त्याने "हो, असंच" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुकानदार म्हणाला, "हा काय पोरखेळ?"

बाई म्हणाल्या, "बाकं पोरांचीच आहेत. बसा."

मावशी बोलली, की पहाटे चारला उठून नळापाशी बसते, सहाला येतं, पावणेसातला करंगळीएवढी धार होते. सुनेला आंघोळीला पाणी नाही म्हणून ती दर महिन्यात चार दिवस माहेरी जाते. मग दुकानदाराची पाळी. म्हणाला, "ही म्हणते की..."

"ही नाही. मी," बाई म्हणाल्या.

"मी चारला उठतो. पाणी येत नाही. माझी सून..." आणि थांबला. तोंड लाल झालेलं. मावशी पदर तोंडाला लावून हसली. "घटकाभर तुमचीही सून झाली हो. सांगा, सांगा."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. पावणेसातला करंगळीएवढी धार. ती का, हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहून टाकतो. मग वाटल्यास पान फाडीन.

टाकीखाली दोन व्हॉल्व्ह. एक वरच्या वस्तीचा, एक खालच्या. ऑफिसचा हुकूम, दोन्हीकडे चावीचे चौदा फेरे. ना कमी ना जास्त. मी रोज मोजून चौदा देत असे. मनात नाही, तोंडाने मोजायचो. तू लहान असताना माझ्यासोबत यायचीस आणि माझ्या आधी "चौदा" ओरडायचीस.

तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी एके सकाळी मी खालचा व्हॉल्व्ह उघडताना वाकलो होतो. कमरेत चमक भरली म्हणून तिसऱ्या फेऱ्यावर थांबलो आणि पाइपाला हात टेकला. पाइप गप्प. पाणी आत येतं तेव्हा पाइप थरथरतो, तो थरथरत नव्हता. चौथा फेरा दिला तेव्हा आवाज आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. तिसऱ्या दिवशीही. आतल्या दांड्याचे आटे झिजले होते. पहिले तीन फेरे चावी नुसतीच फिरत होती. खालच्यांना चौदा नाही, अकराच मिळत होते. कधीपासून, देव जाणे.

मी काय केलं? खाली सतरा द्यायला लागलो. कुणाला न सांगता. आठ दिवस. नवव्या दिवशी आपल्या दुकानदाराने मला भर रस्त्यात गाठलं. "काय चावीवाले, जावई खालचा करताय म्हणून पाणी खाली चाललं का? वर धार बारीक झालीय." ऑफिसातून चिठ्ठी आली, दोन्हीकडे समान फेरे देता का, लेखी कळवा. मी लिहून दिलं, "होय. दोन्हीकडे चौदा." त्या दिवसापासून परत चौदा.

दुरुस्तीचा अर्ज का नाही दिला? दिला असता तर पहिला प्रश्न आला असता, कधीपासून ठाऊक होतं? नोकरी गेली असती. तुझं लग्न तोंडावर होतं.

तुझ्या लग्नानंतर सहा महिन्यांनी टाकीपाशी दगडफेक झाली. तुझा नवरा भांडायला नव्हता गेला, सोडवायला गेला होता. डावा डोळा गेला.

मी दवाखान्यात आलो नाही. तू म्हणालीस, "वरच्यांना काय वाटेल म्हणून आला नाहीत ना?" मी मान खाली घातली. तू तेच धरून बसलीस आणि मी धरू दिलं. कारण खरं त्याहून वाईट होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात शिरलो आणि मागल्या बाकावर तुझा नवरा. खालच्यांपैकी एकाला दुकान बंद ठेवता येईना, म्हणून त्याच्या जागी आला होता. वेल्डिंगचं काम सोडून तसाच, बाहीवर ठिणग्यांची भोकं. एका डोळ्याने वेल्डिंग कसं करतो, हा विचार नऊ वर्षांत मला सुचला नव्हता. आज सुचला.

मला बघून म्हणाला, "नमस्कार, चावीवाले." पूर्वी बाबा म्हणायचा.

बाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "आज गाऱ्हाणी नकोत. आज एकच गोष्ट शोधू. असं काय आहे, जे आपल्याला दोघांना मिळून मोजता येईल?" कुणीतरी नळाची धार म्हणालं, कुणी टाकी म्हणालं. "आणि व्हॉल्व्ह?" बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी चक्कर येतेय म्हणून उठलो. खरंच येत होती. बाई दारापर्यंत आल्या. "तुम्हाला जमेल तेव्हा बोला. घाई नाही. पण फार उशीरही नको." बिचारीला वाटतं, मी लाजाळू आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यातल्या सिस्टर दर शनिवारप्रमाणे रक्तदाबाच्या गोळ्या देऊन गेल्या. सरकारी योजना आहे म्हणतात. मला काळजी लागून राहिली आहे. शेजारच्या मास्तरांना रक्तदाब माझ्यापेक्षा जास्त, त्यांना अशी योजना नाही. उद्या चौकशी झाली तर फुकट गोळ्या खाल्ल्या म्हणून मलाच धरतील.

सिस्टर दारात उभं राहून विचारतात. पाय सुजतात का? रात्री किती वेळा उठता? आणि अजून ओट्यापाशी उभ्यानेच जेवता का?

"हे कोण विचारतंय?"

"फॉर्ममध्ये आहे, आजोबा."

मी उभ्याने जेवतो हे सरकारला कसं कळलं? सिस्टर राहतात खाली, तुमच्याच गल्लीत. तिथे कुणी माझ्याविषयी काही बोलत असेल तर चांगलं बोलत नसणार. मी म्हटलं, लिहा, बसून जेवतो. खोटं बोललो. त्यात आता काय विशेष.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी टाकीवर गेलो. माझ्या जागी आलेला नवा चावीवाला व्हॉल्व्ह उघडत होता. तोंडाने मोजत होता. एक, दोन, तीन. माझीच चाल, माझाच सूर. मीच शिकवलं ना त्याला. "दोन्हीकडे चौदा, आणि मोठ्याने मोजायचं," असं निरोपाच्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

म्हणजे मी घरी बसलो तरी थांबलेलं नाही. आज सकाळीही अकराच गेले. उद्याही जातील.

"काय बघताय?" त्याने विचारलं.

म्हटलं, "चांगलं मोजतोस."

आता सांगितलं पाहिजे. सांगितलं तर तू कायमची तुटशील. नाही सांगितलं तर तुटलेलीच आहेस, पण निदान चुकीच्या कारणाने. हा कसला हिशेब, मलाच कळत नाही. जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेतून आलो तो सरळ लिहायला बसलो. अक्षर नीट नाही, लावून वाच.

आज तुझ्या नवऱ्याची पाळी होती. उभा राहिला, खिशात हात घातले, काढले. म्हणाला, "मी भांडणात नव्हतो. एका पोराला ओढून बाजूला काढत होतो. दगड कुठून आला ते दिसलं नाही. दवाखान्यात अकरा दिवस होतो. खालचे सगळे आले. वरचे दोघे जण आले, चोरून. माझा सासरा आला नाही. बायको रोज दाराकडे बघायची. मी तिला म्हणायचो, येतील. अकराव्या दिवशी म्हणायचं बंद केलं."

बसला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पाळी तुमची. आधी ह्यांचं सांगा."

मी उभा राहिलो. म्हटलं, "मी भांडणात नव्हतो. पोराला ओढत होतो. दगड लागला. डोळा गेला. दवाखान्यात होतो. लोक आले."

तो म्हणाला, "नाही. पूर्ण नाही."

"खालचे आले. वरचे दोघे आले, चोरून. अकरा दिवस होतो."

"नाही."

मी बाकाला धरलं आणि म्हटलं, "माझा सासरा आला नाही. माझी बायको रोज दाराकडे बघायची. मी तिला खोटं सांगायचो, येतील."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "हो. असंच."

मग मी माझं सांगितलं. सगळं. तीन फेरे, आठ दिवसांचे सतरा, चिठ्ठी, "होय, दोन्हीकडे चौदा". आवाज कुणाचा होता कोण जाणे, माझा वाटत नव्हता.

मला वाटलं होतं मला मारतील. मारलं नाही. विश्वासच ठेवला नाही, पोरी.

दुकानदार उठला, म्हणजे बाकासकट अर्धा उठला. "समोर जावई बसलाय म्हणून म्हाताऱ्याला पाझर फुटला! काल काय ठरलं होतं तुमचं?"

खालचा एक जण ओरडला, "तीन फेऱ्यांवर गुंडाळताय? वरच्यांनी मुद्दाम केलं आणि आता ह्या म्हाताऱ्याला पुढे ढकलताय! ह्याला काय, दोन दिवसांचा पाहुणा."

मावशी तेवढी रडत होती. "म्हणजे आम्ही खोटं बोलत नव्हतो," एवढंच पुन्हा पुन्हा. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आयुष्यभर दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला, जेव्हा ठेवायला नको होता. आज खरं बोललो तर दोघांनाही मी विकला गेलेला वाटलो.

बाई म्हणाल्या, "नका ठेवू विश्वास. रविवारी झाकण उघडू. चावी तुम्ही फिरवा."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांनी नमस्कार घेतला नाही. दूध आलं नाही. उद्या सिस्टर येतात का बघू.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सिस्टर आल्या. गोळ्या दोन आठवड्यांच्या दिल्या. आज काही विचारलं नाही, फॉर्मही नव्हता. जाताना दारातच दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जेवण करा, आजोबा." योजना बंद होत असावी.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला टाकीखाली पंचवीस-तीस माणसं. वरचे एका बाजूला, खालचे दुसऱ्या. ऑफिसचा साहेबही आला होता, बाईंचा जुना विद्यार्थी. बाईंसमोर हात मागे बांधून उभा.

बाईंनी उलटंच केलं. खालच्या व्हॉल्व्हवर वरच्या दुकानदाराला उभं केलं, वरच्या व्हॉल्व्हवर मावशीला. "मोजणार खालचे वरचं, आणि वरचे खालचं," म्हणाल्या. "ज्याला पटायचं नाही त्याच्याच हातात चावी."

मावशीने पहिला फेरा दिला आणि लगेच पाइप घरघरला. ती दचकून मागे झाली. "अगबाई! एकातच?"

दुकानदाराने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. एक. दोन. तीन. पाइप गप्प. त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मीच आत बसून पाणी अडवतोय. मग तो खाली बसला. एवढा जाड माणूस चिखलात गुडघे टेकून बसला आणि पाइपाला कान लावला. चावी तुझ्या नवऱ्याने धरली. दुकानदार म्हणाला, "दे फेरा." त्याने चौथा फेरा दिला.

दुकानदार कान काढेना. "परत," म्हणाला. व्हॉल्व्ह बंद केला, परत उघडला. तीन रिकामे, चौथ्याला आवाज. असं चार वेळा.

शेवटी उठला, गुडघे झटकत राहिला. माफी वगैरे मागितली नाही. म्हणाला, "आमच्याकडे पाणी यायचं. येतंय म्हटल्यावर कोण मोजतं?" थोड्या वेळाने मावशीला म्हणाला, "चारला उठता रोज?"

"रोज."

"आणि सून?"

"माहेरी आहे."

खालचा तो ओरडणारा म्हणालाच, "हे आज दाखवलंत, पण मुद्दाम केलं होतंच." वरच्यांतले दोघे म्हणाले, व्हॉल्व्ह काल रात्री बिघडवला असेल. बाई म्हणाल्या, "असू दे. सगळ्यांना आजच पटायला हवं असं नाही." साहेबाने नवा दांडा मागवला. तोवर खाली सतरा, आणि रोज एक वरचा, एक खालचा मोजायला उभा राहील, असं ठरलं. माझी चौकशी होईल असंही साहेब म्हणाला. होऊ दे.

मावशी जाताना माझ्यासमोर थांबली. मी मान खाली घातली. "एवढी वर्षं," म्हणाली, आणि गेली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दवाखान्याच्या दोन रांगांबद्दल बोलणं झालं. काही ठरलं नाही. दुकानदार आणि खालचा ओरडणारा एकमेकांचं सांगता सांगता तीन वेळा चुकले, चौथ्यांदा ओरडणारा म्हणाला, "जवळपास. असंच धरा." बाईंनी तेवढ्यावर भागवलं.

सुटल्यावर तुझा नवरा फाटकापाशी उभा होता. मी बाजूने निघून जाणार होतो. पण त्याच्यापाशीच थांबलो. म्हटलं, "डोळा... तो माझ्यामुळे."

तो म्हणाला, "दगड व्हॉल्व्हने मारला नाही. माणसाने मारला."

"पण मी सांगितलं असतं तर..."

"असतं." एवढंच म्हणाला. त्याने माझी पिशवी हातातून घेतली आणि चढ चढून शेवटच्या वळणापर्यंत आला. मधे तीनदा थांबला. बुटाची नाडी सुटली म्हणत होता. बुटाला नाडी नव्हती. मला दम लागला होता. बरं झालं, त्याच्या लक्षात आलं नाही.

वळणावर विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही. शाळेत काय झालं ते तिला कळलंय, सगळ्या वस्तीला कळलंय. पण तुमच्याकडून नाही. मी मधला निरोप्या होणार नाही. तुम्ही सांगा."

तो रागावला आहे की नाही, मला ठरवता आलेलं नाही. दिवसभर तेच घोळतंय.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पानं फाडणार होतो, फाडली नाहीत. सुरुवातीपासून वाचलं. अक्षर वाईट आहे आणि माणूसही. पण खोटं असं, सिस्टरना बसून जेवतो म्हटलं तेवढं सोडून, कुठे नाही.

गोळ्या आहेत, तरी सिस्टर रक्तदाब बघायला आज येणार आहेत. त्या आल्या की वही त्यांच्यासोबत खाली पाठवतो. मी स्वतः यायला हवं. पायऱ्या उतरून तीनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. दवाखान्याच्या वेळी जे झालं तेच. तुला वाटेल, म्हातारा बदलला नाही. नाही बदललो. म्हणून आधी वही.

तुला कारण चुकीचं ठाऊक होतं. वरच्यांच्या भीतीने आलो नाही असं तू समजलीस. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो म्हणून आलो नाही. आता राग धरायचा तर ह्याचा धर, त्याचा सोड. आणि माफ कर असं लिहिणार होतो, दोनदा लिहून खोडलं. ते तुला मागायचं नाही. ते तू ठरव.

ये म्हणत नाही. मला बोलाव असंही म्हणत नाही. वाचलंस, एवढं कळव. दोन ओळी लिही, नाहीतर नुसतं सिस्टरकडे तोंडी सांग, "वाचलं". शिव्या दिल्यास तरी चालेल, पण कळव. आणि पोरी, जमलं तर लवकर कळव. मी दाराशीच आहे.